जुन्या गाडीचा नवा एसी पंप पुन्हा पुन्हा का फाटतो: तपासणी, खरेदी आणि साठवण

माझ्याकडे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. २०२३ च्या पावसाळ्यापासून पुढच्या चौदा महिन्यांत तिला तीन एसी पंप, म्हणजे टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे ओढणारे पंप, बसवावे लागले. तिन्ही पंप कोरे होते, त्यांपैकी दोन तर जुन्या सीलबंद खोक्यांतून निघालेले होते, आणि तिन्हींचा आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, फाटला. पहिल्या वेळी मी नशिबाला बोल लावला, दुसऱ्या वेळी दुकानदाराला, आणि तिसऱ्या वेळी, साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर मालट्रकांच्या रांगेत गाडी बंद पडली तेव्हा, फाटलेला पंप फेकून न देता घरी आणला. आधीचे दोन पंप सुदैवाने मिस्त्रींच्या भंगाराच्या डब्यात पडून होते. तिन्ही उघडून पडदे वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी मांडले, तेव्हा लक्षात आले की दुखणे वरून एकच दिसत असले तरी तिघांची कारणे वेगवेगळी होती. ज्यांच्या पद्मिनीत, अॅम्बॅसेडरमध्ये, जुन्या जीपमध्ये किंवा कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये हा प्रकार वारंवार होतो, त्यांच्यासाठी ही टिपणे आहेत.

एसी पंप हा शब्द ज्यांना नवा आहे त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की त्याचा वातानुकूलनाशी काही संबंध नाही. एसी ही आल्बर्ट चॅम्पियन या उद्योजकाच्या नावाची आद्याक्षरे. त्याने सुरू केलेल्या कंपनीचे पंप एके काळी इतके पसरले की आपल्याकडच्या गॅरेजांत टाकीतून कार्ब्युरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाकडे, पेट्रोल ओढणाऱ्या कोणत्याही यांत्रिक पंपाला एसी पंप म्हणू लागले. दुकानात नुसता 'पेट्रोल पंप' मागितला तर माणूस रस्त्याच्या दिशेने बोट दाखवतो, म्हणून हा शब्द माहीत असलेला बरा.

पंपाची रचना साधी आहे. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरचा, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या फिरत्या दांड्यावरचा, एक उंचवटा (कॅम) पंपाचा लिव्हर ढकलतो, लिव्हर पडदा ओढतो, त्या ओढीने टाकीतले पेट्रोल एका झडपेतून आत येते, आणि मग पडद्यामागची स्प्रिंग पडद्याला परत ढकलून तेच पेट्रोल दुसऱ्या झडपेतून कार्ब्युरेटरकडे पाठवते. कार्ब्युरेटर भरला आणि फ्लोटची, म्हणजे त्यातल्या तरंगत्या डबीची, सुई बंद झाली की पडदा ताणलेल्या स्थितीत थांबतो आणि लिव्हर नुसताच हलत राहतो. पेट्रोलचा दाब त्यामुळे स्प्रिंग ठरवते, आणि तो अगदी थोडा, साधारण ३ ते ४ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे १५०० फेरे घेतो. तासाभराच्या प्रवासात लिव्हर ९०,००० वेळा हलतो. हे सगळे हेलकावे कापडाच्या अस्तरावर रबर चढवलेल्या एका पातळ पडद्याच्या जिवावर चालतात.

आधी पंपच दोषी आहे का ते पाहावे

गाडी चढावर दम तोडते, थांबून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते, आणि घरी आल्यावर मिस्त्री पंप बदलतात. हा क्रम इतका ठरलेला आहे की निम्म्या वेळा चांगला पंप निघून त्याच्या जागी वाईट पंप बसतो, असे माझे मत झाले आहे. म्हणून पाना हातात घेण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी. इंजिन थंड असताना ती काढून आधी नाकाजवळ न्यावी आणि मग पातळी पाहावी. पडदा फाटला की पेट्रोल लिव्हरच्या बाजूने इंजिनात उतरते, ऑइलची पातळी न घालता वाढते, आणि डिपस्टिकच्या टोकावरचा थेंब मधासारखा लोंबण्याऐवजी पाण्यासारखा ओघळतो. माझ्या गाडीत पातळी वरच्या खुणेच्या वर बोटभर चढलेली होती आणि वास असा होता की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. असे दिसले तर गाडी सुरूच करू नये. पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंगांचे नुकसान होते आणि इंजिनात साठलेली वाफ पेट घेऊ शकते. पंपाबरोबर ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदलावेच लागतात, आणि तो खर्च वाचवणाऱ्यांना पुढे मोठा खर्च येतो.

दुसरी गोष्ट पेट्रोलचा प्रवाह. इग्निशन कॉइलची मुख्य वायर काढून ठेवावी, कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचे तोंड काचेच्या बाटलीत धरावे आणि दुसऱ्या माणसाला थोडा सेल्फ मारायला सांगावे. निरोगी पंप ठोक्यागणिक भरघोस पिचकारी मारतो. पिचकारीबरोबर बुडबुडे येत असतील तर पंपाला सोडून टाकीकडून येणारी रबरी नळी आणि तिच्या क्लिपा पाहाव्यात, कारण ओढीच्या बाजूच्या नळीला तडा गेला तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते, आणि त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. हे काम उघड्या हवेत, बॅटरीच्या ठिणग्यांपासून दूर आणि पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवून करावे. बाटलीच्या जागी प्लास्टिकचा मग वापरू नये.

तिसरी गोष्ट टाकीचे झाकण. झाकणातले हवेचे छिद्र बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढ बसत नाही. गाडी बंद पडल्याबरोबर झाकण उघडावे. फुस्स असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली तर छिद्र टाचणीने साफ करणे एवढेच काम शिल्लक राहते.

चौथी गोष्ट उष्णता. एप्रिल-मेच्या दुपारी घाटात पंपातच पेट्रोलची वाफ झाली तर पंप वाफ दाबत बसतो आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. पंपावर ओले फडके टाकून पाच-सात मिनिटे थांबल्यावर गाडी सुरू होत असेल तर पडदा शाबूत आहे. हा उपाय जुन्या टॅक्सीवाल्यांचा आहे आणि अजूनही तितकाच लागू पडतो, किंबहुना थोडा जास्तच, कारण इथेनॉल मिसळल्यावर पेट्रोलचा बाष्पदाब काहीसा वाढतो.

तीन पडदे, तीन कारणे

वर्तमानपत्रावर मांडलेल्या पडद्यांपैकी पहिला सीलबंद खोक्यातल्या पंपाचा होता. तो हातात घेऊन हलकेच वाकवला तेव्हा त्यावर उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या बारीक भेगा उमटल्या, आणि आणखी वाकवल्यावर रबराचा पापुद्रा अस्तरापासून सुटून आला. हा पंप गाडीत जेमतेम चार महिने चालला होता, पण खोक्यात किती वर्षे पडून होता याचा विचार मी केलाच नव्हता. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, म्हणजे तेव्हाच्या खोक्यातला रबरी पडदा आज दोन दशकांहून जुना आहे. खोक्याच्या कागदाला धूळ लागली नसली तरी रबराचे वय थांबत नाही. हवेतला प्राणवायू आणि ओझोन, उष्णता आणि प्रकाश आपले काम करत राहतात.

मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी हजारोंनी धावत होत्या तेव्हा ही अडचण नव्हती. पंप दुकानात आला की काही आठवड्यांत विकला जात असे आणि सीलबंद खोके म्हणजे ताजा माल असे समीकरण बरोबर होते. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि वयोमर्यादेमुळे ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. गिऱ्हाईक त्याच्या कितीतरी आधीपासून आटत गेले होते. खोके तेच राहिले, मात्र आतल्या मालाची उलाढाल थांबली, आणि आपण अजून जुन्याच समीकरणाने खरेदी करतो. 'शेठ, कंपनीचा माल आहे, खोकंसुद्धा फोडलेलं नाही' हे दुकानदाराचे वाक्य पूर्ण खरे होते. त्या खरेपणातच माझे पैसे गेले.

दुसरा पडदाही सीलबंद खोक्यातलाच, पण त्याचे रबर बऱ्यापैकी मऊ होते. तो मध्यभागी असलेल्या धातूच्या चकतीच्या कडेने, नखाने ओढावे तसा अर्धचंद्राकार कापला गेला होता. याचे कारण पंपाच्या बाहेर सापडले. पंप आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये बॅकेलाइटची एक जाड चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंना कागदी पॅकिंग असते. चकती ब्लॉकची उष्णता अडवते आणि लिव्हर कॅमपासून किती अंतरावर राहील तेही ठरवते. माझ्या गाडीतली चकती कोणत्या तरी दुरुस्तीत तडकली होती आणि तिच्या जागी एकच पातळ पॅकिंग घातले गेले होते. पंप त्यामुळे आत सरकला, लिव्हरचा झोका वाढला आणि पडदा रोज मर्यादेपलीकडे ताणला गेला. उलट टोकाची चूकही होते: ऑइल गळते म्हणून कोणी तीन-चार पॅकिंगे एकावर एक चढवतो, झोका कमी होतो, आणि गावात नीट चालणारी गाडी चढावर उपाशी मरते. पंप काढताना मधले सगळे थर क्रमाने तारेत ओवून ठेवावेत आणि पुन्हा तितक्याच जाडीचे बसवावेत. नवी बॅकेलाइट चकती मिळत नसेल तर तडकलेली चकती नमुना म्हणून नेऊन लेथवाल्याकडून त्याच जाडीची करून घेता येते.

तिसरा पंप नव्याने तयार झालेला लोकल होता. त्याचा पडदा भेगाळलेला नव्हता. तो फुगून, लिबलिबीत होऊन, बोटाला काळा रंग सोडत होता. हे काम पेट्रोलमधल्या इथेनॉलचे. देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले, २० टक्के मिश्रणाची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली, आणि आता शहरांतल्या बहुतेक पंपांवर तेच मिळते. साध्या रबराला, बुचाच्या पॅकिंगला आणि हलक्या प्रतीच्या नायट्राइल रबराला ते सोसत नाही. फ्लोरोइलास्टोमर जातीचे रबर, ज्याला बाजारात व्हायटन म्हणतात, ते सोसते. याखेरीज इथेनॉल टाकीतला जुना गंज आणि चिकटा सोडवून पुढे आणते, त्यामुळे पंपाच्या झडपांखाली कचरा अडकून पंप निकामी झाल्यासारखा वाटतो. टाकी आणि पंप यांच्यामध्ये आरपार दिसणारा छोटा फिल्टर असल्याशिवाय नवा पंप बसवणे म्हणजे नवे जाते घेऊन त्यात खडे दळणे आहे.

विकत काय घ्यावे

या तीन पडद्यांवरून माझी खरेदीची पद्धत पूर्ण बदलली. पंपाची धातूची काया जुनी असली तरी चालते, बऱ्याचदा ती नव्या लोकल कायेपेक्षा सरसच असते. रबर मात्र ताजे आणि इथेनॉल सोसणारे हवे. म्हणून मी आता पूर्ण पंप शोधण्याऐवजी चांगली जुनी काया आणि तिच्यासाठी नवे किट (पडदा, झडपा आणि पॅकिंगे यांचा संच), असे दोन भाग वेगवेगळे घेतो.

काया मिळण्याच्या जागा जुन्या गाड्यांच्या मालकांना ठाऊक असतात. पुण्यात नाना पेठेतली सुट्या भागांची दुकाने आणि बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत ऑपेरा हाउसच्या परिसरातली दुकाने आणि कुर्ल्याचा भंगार बाजार, अॅम्बॅसेडरसाठी कोलकात्याचा मल्लिक बाजार, आणि ठोक मालासाठी दिल्लीचे काश्मिरी गेट. जाताना आपला जुना पंप पिशवीत घालून न्यावा. एकाच नावाच्या गाडीला वेगवेगळ्या काळात वेगवेगळी इंजिने बसली. १४८९ सीसीच्या अॅम्बॅसेडरचा पंप इसुझूच्या १८०० सीसीच्या इंजिनाला लागत नाही, हे विकणाऱ्याला माहीत असतेच असे नाही. लिव्हरची लांबी आणि वाक, बोल्टच्या भोकांमधले अंतर, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या नळ्यांची दिशा, आणि परतीची तिसरी नळी आहे की नाही, हे सगळे जुन्या पंपाशी ताडून पाहावे. तिसरी नळी बुजवून काम भागवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो घेऊ नये, कारण उन्हाळ्यात वाफ टाकीकडे परत नेण्याचे काम तीच नळी करते.

लिव्हरचे टोक, जिथे तो कॅमला घासतो, बोटाने चाचपावे. तिथे खड्डा किंवा पायरी लागली तर काया सोडून द्यावी. लिव्हरची पिन बाजूला डुगडुगत असेल तरी तेच. बसण्याची कड काचेच्या तुकड्यावर ठेवून पाहावी. पंप डुलला तर कड वाकलेली आहे आणि तिथून ऑइल गळणार. पडद्याच्या खालच्या भागात गळतीचे एक बारीक छिद्र असते, ज्यातून फाटलेल्या पडद्याचे पेट्रोल बाहेर ठिबकून मालकाला इशारा मिळतो. काही लोकल पंपांत ते छिद्र पाडलेलेच नसते आणि सगळे पेट्रोल निमूटपणे ऑइलमध्ये उतरते. माझ्या तिसऱ्या पंपात ते नव्हते.

किटच्या बाबतीत पाकिटावर 'व्हायटन' छापलेले असणे पुरेसे नाही, आणि दोन काळ्या रबरांतला फरक डोळ्यांनी कळत नाही. मी दोन किटे घेतो आणि त्यातल्या एकाचा बळी देतो. पडद्याचा व्यास मोजून कागदावर लिहितो, तो पडदा झाकणाच्या काचेच्या बरणीत नेहमीच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये बुडवून, बरणी घराबाहेर सावलीत आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी आठवडाभर ठेवतो, आणि मग पुन्हा मोजतो. गेल्या खेपेला एका किटाचा पडदा आठ दिवसांत कागदावर काढलेल्या वर्तुळाबाहेर सर्व बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर पसरला आणि त्याच्या कडा पापडासारख्या वर आल्या. दुसऱ्या ठिकाणाहून आणलेला वर्तुळात जवळजवळ तसाच राहिला. किट पूर्ण पंपाच्या मानाने फार स्वस्त असते, त्यामुळे हा बळी परवडतो. रबरी नळीही त्याच वेळी बदलावी आणि ती एसएई जे-३० आर-९ या प्रतीची, म्हणजे आतून फ्लोरोइलास्टोमरचे अस्तर असलेली, मागावी.

पडदा बसवताना एक चूक हमखास होते आणि तिच्यामुळे चांगले किटही वाया जाते. पंपाचे दोन भाग जोडण्याआधी दोन्हींवर एकच आडवी रेघ ओरखडून ठेवावी, म्हणजे नळ्यांची दिशा चुकत नाही. मग सगळे स्क्रू नुसते टेकेपर्यंत फिरवावेत, लिव्हर पूर्ण दाबून धरावा, आणि तो दाबलेला असतानाच समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळावेत. लिव्हर मोकळा सोडून आवळले तर पडद्याला पुरेशी सैल जागा मिळत नाही, पहिल्याच पूर्ण झोक्याला तो कडेच्या स्क्रूंच्या भोकांवर ताणला जातो, आणि फाटायची सुरुवात तिथूनच होते. आमच्या मिस्त्रींनी हे ऐकून 'साहेब, चाळीस वर्षं पंप बसवतोय' एवढेच म्हटले, आणि पुढचा पंप मात्र लिव्हर दाबून आवळला.

जोडलेला पंप गाडीत घालण्यापूर्वी आत येणाऱ्या नळीवर बोट ठेवून लिव्हर दोन-तीनदा दाबावा आणि सोडावा. बोट ओढले गेले पाहिजे आणि ती ओढ काही सेकंद टिकली पाहिजे. पूर्वी मिस्त्री परातीत रॉकेल घेऊन पंप चालवून दाखवत. आता रॉकेल मिळणे अवघड झाले आहे, पण थोड्या डिझेलवर तीच परीक्षा होते आणि ते पेट्रोलपेक्षा हाताळायला कमी धोक्याचे आहे.

या कटकटीला कंटाळून काही जण विजेवर चालणारा पंप लावतात. माझा त्याला विरोध नाही, पण तो कार्ब्युरेटरच्या गाडीसाठी बनवलेला, ३-४ पीएसआयचाच हवा. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीचा पंप त्याच्या दहापटीच्या आसपास दाब देतो. तो लावला तर फ्लोटची सुई उचलली जाऊन पेट्रोल गरम इंजिनावर सांडते. अपघातात किंवा इंजिन बंद पडल्यावर पंप आपोआप थांबेल असा स्विचही त्यासोबत बसवून घ्यावा.

साठवण

आता मुख्य मुद्दा. जुन्या गाडीच्या मालकाला साठा करण्याची हौस असते, आणि 'पुढे मिळणार नाही' या भीतीने तो पाच-पाच पंप माळ्यावर टाकून ठेवतो. लोखंड आणि जस्ताच्या भागांचा साठा करणे शहाणपणाचे आहे. रबराचा साठा करणे म्हणजे खवा साठवण्यासारखे आहे. रबरी वस्तूंच्या साठवणुकीसाठी आयएसओ २२३० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात न बसवलेल्या, मोकळ्या भागांसाठी नैसर्गिक रबराला ५ वर्षे, नायट्राइलला ७ वर्षे आणि फ्लोरो जातीच्या रबराला १० वर्षे असा प्राथमिक काळ धरला आहे. त्यानंतर तपासून पाहून थोडी मुदत वाढवता येते. हे आकडेही २५ अंशांखालचे तापमान, कोरडी हवा आणि अंधार गृहीत धरून आहेत. आपल्याकडे पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर मे महिन्यात काय तापमान असते ते तिथे चढून पाच मिनिटे बसल्यावर कळते, आणि कोकणात त्यावर चार महिन्यांची दमट हवा येते.

जोडलेल्या पंपात पडद्याची स्थिती आणखी वाईट असते. स्प्रिंग त्याला सतत एका बाजूला रेटत राहते, कड स्क्रूंखाली चेपलेली राहते, आणि वर्षानुवर्षे त्याच आकारात राहिलेले रबर तो आकार सोडायला तयार होत नाही. त्याहून वाईट म्हणजे काही दिवस वापरून, 'चालू आहे, असू दे' म्हणून काढून ठेवलेला पंप. पेट्रोल रबरातला मऊपणा टिकवणारी द्रव्ये धुऊन नेते. रबर पेट्रोलमध्ये बुडालेले असते तोवर फुगून मऊ राहते, आणि वाळले की आकसून तडकते. झडपांवर सुकलेल्या पेट्रोलचा चिकटा बसतो तो वेगळाच. याच कारणाने पाच-सहा महिने उभ्या राहिलेल्या गाडीचा पंप पहिल्याच सफरीत फाटतो आणि मालकाला वाटते की गाडी तर वापरलीच नव्हती.

म्हणून पंपाच्या काया मी पडदा, झडपा आणि पॅकिंगे काढून ठेवतो. त्या डिझेलमध्ये धुऊन, वाळवून, लिव्हरच्या पिनेवर आणि स्प्रिंगवर इंजिन ऑइलचा हात फिरवून, नळ्यांच्या तोंडांना बुचे लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या स्टीलच्या डब्यात जातात. बुच नसेल तर चिंधी कोंबू नये. कुंभारीण माशीला ती भोके फार आवडतात हे खरे, पण चिंधी ओल धरते आणि आतून गंज चढतो. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची पन्नी दुमडून रबरबँडने बांधली तरी पुरते.

किटे वेगळ्या जागी राहतात. पडदा सपाट ठेवावा, खिळ्याला अडकवू नये, त्यावर वजन ठेवू नये, आणि दोन पडदे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये शंखजिऱ्याची हलकी पूड भुरभुरावी, जी बसवताना पुसून टाकावी. मग तो काळ्या पिशवीत किंवा पन्नीत गुंडाळून घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवावा. जिन्याखालची जागा सोयीची वाटते, पण तिथे बहुतेक घरांत इन्व्हर्टर किंवा पाण्याच्या पंपाची मोटर असते, आणि विजेच्या ठिणग्यांतून तयार होणारा ओझोन ताणलेल्या रबराला भेगा पाडतो. पाकिटावर खरेदीची तारीख पेनाने लिहावी. बनवल्याची तारीख पाकिटावर असेल तर उत्तमच, नसेल तर मी खरेदीच्या आधीचे एक वर्ष स्वतःहून मोजतो.

एमपीएफआयच्या मारुती किंवा त्या काळातल्या इतर गाड्यांच्या टाकीतल्या विजेच्या पंपाला हा सगळा सोपस्कार लागत नाही, पण त्याचीही एक रीत आहे. त्याच्या नळ्यांवरची प्लास्टिकची बुचे बसवण्याच्या क्षणापर्यंत काढू नयेत, आणि चालतो की नाही हे पाहण्यासाठी त्याला बॅटरीवर कोरडा फिरवू नये, कारण त्याचे वंगण आणि थंडावा दोन्ही पेट्रोलच असते. ज्याला टाकी पाव भागाखाली नेण्याची सवय आहे त्याचे पंप याच कारणाने लवकर जातात. नवा पंप बसवताना खालची जाळीही नवी घालावी, आणि त्याआधी पंप चालू असताना त्याच्या टोकांवरचा विद्युतदाब मोजावा. तो बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून अधिक कमी असेल तर दोष रिलेत किंवा अर्थिंगमध्ये शोधावा.

राहिला डिकीतला पंप. लांबच्या प्रवासाला जोडलेला, तयार पंप जवळ लागतोच. घाटात बसून कोणी किट भरत नाही. पण डिकी हे गाडीतले साठवणीचे सर्वांत वाईट ठिकाण आहे, उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तर ती भट्टीच होते. म्हणून डिकीतला पंप मी कायमचा ठेवत नाही. दर दुसऱ्या दिवाळीला, गाडीची सर्व्हिसिंग करताना, डिकीतला पंप इंजिनावर चढतो, इंजिनावरचा उतरून घरी येतो, त्याचा पडदा काढून फेकला जातो, काया धुऊन त्यात नवे किट भरले जाते आणि तो डिकीत जातो. त्यामुळे डिकीत कोणतेच रबर दोन वर्षांहून जास्त पडून राहत नाही आणि ते पेट्रोलमध्ये भिजून वाळलेलेही नसते. पंपाबरोबर त्याच डब्यात तेवढ्याच जाडीची बॅकेलाइट चकती, दोन पॅकिंगे, वीतभर नळी, दोन क्लिपा आणि पंपाच्या बोल्टला लागणारा पाना असतो. खंबाटकीत त्या दिवशी माझ्याकडे पंप होता. पाना घरी राहिला होता.